नंदाबाईंनी शिवलेल्या गाद्यांची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, पण माझ्यात कुणाला बसता येत नाही. माझी लांबी तुमच्या कोपरापासून मुठीपर्यंत भरेल. खऱ्या जीपचा एक फूट म्हणजे माझ्या अंगाचा एक इंच, अशा मापाने मला बनवलं आहे. मी तिकोणा पेठेत एका काचेच्या कपाटात राहते.

ज्या मोठ्या जीपवरून मी झाले, ती कामशेत ते पवनानगर आणि तिथून तिकोणा पेठ अशी धावायची. कैलासभाऊ तिचे मालक आणि तेच चालवणारे. धरणावर फिरायला आलेल्या लोकांची लहान मुलं जीपमध्ये आपल्या धातूच्या छोट्या गाड्या विसरून जायची. कैलासभाऊ त्या समोरच्या फळीवर मांडून ठेवायचे. पोर परत आलं तर त्याला आपली गाडी लांबून दिसावी, एवढाच हेतू. पोरं काही परत येत नसत. फळी भरली की गाड्या घरी यायच्या. असा त्यांना छोट्या गाड्या जमवायचा नाद लागला. पुढे ते लोणावळ्याच्या बाजारातून स्वतः गाड्या आणायला लागले आणि घरात हे कपाट आलं.

मोठी जीप थकली. तिला भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा कैलासभाऊ टेप घेऊन अंगणात तिची मापं घ्यायला लागले. शेजारचे सखाराम कुंपणावरून बघत होते.

"कैलासभाऊ, जीपला सदरा शिवताय व्हय?"

"सदरा न्हाई. तिची एक पोर ठेवून घेतोय घरात."

"घ्या, घ्या. मोठीनं डिझेल पिलं, आता ही तुमचा जीव पिणार."

मला बनवायला त्यांना वर्ष लागलं. अंग पातळ, कडक फोमच्या शीटचं, टपावरचं कॅरिअर सायकलच्या तारांचं, टायर रबरी नळीचे. लोणावळ्यात गाड्यांना रंग मारणारे पप्पूशेठ त्यांचे मित्र. त्यांनी मोठ्या जीपच्या रंगाशी जुळवून रंग दिला. माझ्या दोन्ही बाजूंना ताडपत्री आहे आणि ती पक्की चिकटवलेली आहे. आत बघायचं तर समोरच्या काचेतूनच. ती काच जुन्या जीपसारखी दोन भागांत आहे, मधे पट्टी. एका भागातून ड्रायव्हरची जागा दिसते, दुसऱ्यातून त्याच्या शेजारची.

गाद्या मात्र कैलासभाऊंना जमल्या नाहीत. त्यांच्या बायको नंदाबाई चहा द्यायला आल्या आणि वाकून बघून म्हणाल्या, "अवो, ह्या गाद्या हायेत का ठोकळे? पवनानगर येईस्तवर प्याशिंजराची पाठ मोडंल."

"मग तू कर."

"करते की. तुमच्या हातानं गादी व्हती व्हय!"

मोठ्या जीपच्या सीटचं थोडं रेक्झिन त्यांनी राखून ठेवलं होतं. त्यात कापूस भरून त्यांनी माझ्या गाद्या शिवल्या. ड्रायव्हरशेजारच्या गादीवर एक लहानसं ठिगळही लावलं, कारण मोठ्या जीपमध्ये तिथं तसंच ठिगळ होतं. बाजाराच्या दिवशी त्या स्वतः तिथं बसायच्या.

कैलासभाऊ म्हणाले, "हितं तुझं एक बाहुलं बसवू का?"

"नगं. मी जित्ती हाये अजून. बाहुलं कशाला?"

म्हणून ती गादी रिकामीच राहिली.

मी पूर्ण झाले त्या दिवशी नंदाबाईंनी नव्या गाडीची करतात तशी माझी पूजा केली. बॉनेटवर कुंकू लावलं. चाकाखाली लिंबू मावेना, तर बोरं ठेवली. कैलासभाऊंनी मला दोन्ही हातांनी पुढे ढकललं आणि बोरं फुटण्याऐवजी घरंगळून कपाटाखाली गेली. दोघं पोट धरून हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

त्यानंतर माझं पुष्कळ कौतुक झालं. लोणावळ्यात लहान गाड्या जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं मी जाऊन आले. शहरातली माणसं माझ्यासमोर वाकून विचारायची, "गाद्या कुठून मागवल्या?" कैलासभाऊ म्हणायचे, "घरच्या हायेत." घरात माझ्यासाठी एकच नियम होता. मला खालून उचलायचं, काचेला बोट लावायचं नाही. कैलासभाऊ स्वतःसुद्धा हातात फडकं घेतल्याशिवाय मला धरत नसत.

मागच्या माघात नंदाबाई गेल्या. ताप डोक्यात गेला, एवढंच मला घरातल्या बोलण्यातून कळलं. त्यांना घराबाहेर नेताना मी कपाटातून पाहिलं आणि परत येताना पाहिलं नाही.

मग कपाट बरेच दिवस उघडलं नाही. पण कैलासभाऊ रोज सकाळी समोर खुर्ची ओढून बसायचे आणि माझ्या काचेतून आत बघायचे. आधी मला वाटलं, ते मला बघतात. नंतर समजलं. ते ठिगळाची गादी बघत होते. मी काय करणार? मला हॉर्नसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी राहायचे.

चैत्रात त्यांची मुलगी स्नेहल वराळ्याहून राहायला आली. तिने बापाला बोलतं केलं. "आबा, यंदा प्रदर्शनाला जीप न्यायचीच. आई असती तर तुमाला घरात बसू दिलं असतं का?"

त्यांनी मला बाहेर काढलं. माझं मागचं एक चाक निखळलं होतं. दुकानात ज्याच्या लहान नळ्या टांगलेल्या असतात, त्या चटकन चिकटणाऱ्या गोंदाने त्यांनी चाक बसवलं आणि धूळ बसू नये म्हणून लगेच मला आत ठेवून कपाट बंद केलं.

चूक तिथं झाली. त्या गोंदाची वाफ होते. बंद जागेत ती काचेवर जाऊन बसते आणि काच पांढरी पडते. हे कैलासभाऊंना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. त्या वासाने नंदाबाईंना खोकला यायचा. नळी उघडली की त्या कुरकुर करत खिडकी उघडायच्या, कपाटाची दारं सताड करून ठेवायच्या. त्यामुळे वाफ निघून जायची. त्यांच्यामुळे माझ्या काचा स्वच्छ राहत होत्या, हे ना त्यांना माहीत होतं, ना कैलासभाऊंना.

सकाळी कैलासभाऊ खुर्चीत बसले आणि उठून उभे राहिले. माझी समोरची काच दुधासारखी झाली होती. आतलं काही दिसत नव्हतं.

"स्नेहल, दिसत न्हाई गं! काई दिसत न्हाई!"

टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन ते मला मांडीवर धरून बसले. आधी ड्रायव्हरच्या बाजूची काच घासली. हळूहळू पांढरा थर निघाला, काच लख्ख झाली. त्यांना धीर आला.

मित्रांनो, मी तेव्हा मोठ्याने ओरडायला हवं होतं. त्या थरात बोटांचे ठसे उठले होते. जिथं बोटांचा ओशटपणा असतो, तिथं ती वाफ दाट बसते. दिवाळीच्या साफसफाईत कैलासभाऊ घरी नव्हते. तेव्हा नंदाबाईंनी पोराचं कपाळ धरावं तसं मला काचेपाशी धरून उचललं होतं. त्यांचा अंगठा ड्रायव्हरच्या बाजूला होता. तो आत्ताच फडक्यावर गेला होता. दुसऱ्या बाजूला दोन बोटं अजून होती. कैलासभाऊंनी फडकं तिकडे वळवलं.

स्नेहल मागून बघत होती. "आबा, हे बोटाचे डाग कुणाचे?"

"असतील पोराबाळांचे."

"कुटली पोरं? कपाटाला कुलूप असतं की. आन् तुमी तर फडक्यानं धरता."

कैलासभाऊंचा हात थांबला. त्यांनी चष्मा वर केला. आपलं जाडं बोट ठशाशेजारी धरून पाहिलं. ठसा त्यांच्या बोटाच्या निम्मा होता.

"तिची हायेत," ते म्हणाले. "नगं म्हणलं तरी काचेला हात लावायची."

मग ते पुसलेल्या काचेकडे बघत राहिले. "हितं पण असंल का गं? म्या पुसलं का?"

उत्तर मला माहीत होतं. ते मला देता येत नव्हतं, आणि ते देता आलं नाही हेच बरं, असंही वाटलं.

उरलेला ठसा पक्का करता येईल का, हे विचारायला त्यांनी पप्पूशेठना फोन लावला. पप्पूशेठ म्हणाले, "वरून पारदर्शक लॅकर मारलं तर ठसा विरघळंल. तसंच ठेवलं तर पावसाळ्यात आपसूक उडंल. भाऊ, ह्याला इलाज न्हाई."

"फोटो काढून ठेवू आपण," स्नेहल म्हणाली आणि तिने काढले. पण पांढऱ्यावर पांढरं, फोटोत काहीच उमटलं नाही.

आणि मित्रांनो, अडचण एवढीच नव्हती. ती दोन बोटं ज्या काचेवर आहेत, तिच्यामागेच ठिगळाची गादी आहे. काच पुसली तर गादी दिसेल आणि बोटं जातील. बोटं ठेवली तर गादी दिसणार नाही. कैलासभाऊंनी फडकं खाली ठेवलं. मग त्यांनी मला खालून, सांभाळून उचललं आणि कपाटात ठेवलं. कुलूप लावलं आणि किल्ली स्नेहलच्या हातात दिली.

"तुज्याकडं वराळ्याला घेऊन जा ही."

"आवो, मग तुमी उघडणार कसं?"

"म्हणून तर. सवय हाये गं मला. येता-जाता हात जाईल पुसायला."

यंदा प्रदर्शनात माझी जागा रिकामी राहिली.

आता ज्येष्ठ लागला आहे. आमच्या मावळातली ओल कपाटात शिरायला लागली आहे. कैलासभाऊ अजून खुर्ची ओढून बसतात. एका काचेतून ड्रायव्हरची रिकामी जागा दिसते, दुसरीतून काहीच दिसत नाही. त्यांना कोणती काच जास्त छळते, ते मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, घरातली वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण घर आवरताना कुणी तुमच्या वस्तूला हात लावला, तर लगेच ओरडू नका. आणि एखादा डाग दिसला, तर फडकं उचलायच्या आधी तो कुणाचा आहे ते बघा.

माझ्या समोरच्या काचेला दोन वायपर आहेत. सायकलच्या तारेचे, अगदी खऱ्यासारखे. ते हलत नाहीत. प्रदर्शनात मुलं विचारायची, "चालतात का?" आणि मला लाज वाटायची. आता वाटत नाही.