शेकायची पिशवी आणि गप्प पिल्लू

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाण्याने शेकायची. कारखान्याच्या साच्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. आता माझा रंग कोणता हे सांगणंही अवघड आहे. माझी बरीच वर्षं या घरातल्या आजोबांच्या कमरेखाली गेली. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी मनातून सुखावत असे. पुढे विजेवर तापणारा पट्टा आला आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली.

या घरातल्या सूनबाई शिवणकाम करतात. त्यांच्या चिंध्यांच्या खोक्यात एका मांजरीने तीन पिल्लं घातली आणि एके दिवशी बाहेर गेली ती परत आलीच नाही. तेव्हा सूनबाईंनी मला शोधून काढलं, गरम पाण्याने भरलं आणि टॉवेलात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवलं. पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडले, याचा मला फार आनंद झाला.

दोन पिल्लांनी घर डोक्यावर घेतलं. एकाचे डोळे चिकटले होते. सूनबाई पाणी उकळून कोमट करत आणि प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घेऊन हळूच पुसत. दुसऱ्याचं पोट बिघडलं, कारण आजोबांनी लाडाने त्याला गाईचं दूध पाजलं होतं.

"बाबा, लाड तुम्ही करता आणि चिंध्या मी धुते!" सूनबाई वैतागून म्हणाल्या.

तिसरं पिल्लू मात्र गप्प होतं. "किती शहाणं आहे हे," असं सगळे म्हणत.

मला धडकी भरली होती. ते मला टेकून पडलं होतं आणि हळूहळू गार होत चाललं होतं. बाकीच्या दोघांच्या गडबडीत माझं पाणी बदलायचं राहून गेलं. मीही निवले. मग तर मीच त्याची उरलीसुरली ऊब ओढून घेऊ लागले. मला जिवाच्या आकांताने ओरडावंसं वाटत होतं, पण बूच लावलेल्या तोंडाने ओरडणार कशी?

आजोबांचा पट्टा बिघडला म्हणून ते मला न्यायला आले. उचलताना त्यांचा हात पिल्लाला लागला.

"अगं सूनबाई, हे तर गार पडलंय!"

सूनबाई मशीन सोडून धावल्या. एका हातात दुधाचा ड्रॉपर, दुसऱ्या हातात फोन.

"थांबा, दूध नका देऊ," जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "गार पिल्लाला गिळता येत नाही, पचतही नाही. आधी हळूहळू ऊब द्या आणि तसंच घेऊन या."

मला पुन्हा भरलं, हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्याने. दवाखान्याच्या बाकावर आजोबांनी आम्हा दोघांना मांडीवर घेतलं. स्वतःच्या कमरेचं त्यांना भानच नव्हतं. बऱ्याच वेळाने पिल्लाने तोंड उघडलं आणि ते बारीक आवाजात रडलं.

"रड बाळा, रड," म्हणत आजोबांनी डोळे पुसले.

ते वाचेल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनी अजून सांगितलेलं नाही. मित्रांनो, ओरडणाऱ्या पिल्लाकडे लक्ष द्याच, पण गप्प पडलेल्याला आधी हात लावून बघा. आणि कृपा करून लवकर कुणीतरी माझं पाणी बदला. मी पुन्हा निवायला लागले आहे.