दोन बोटं वर

साठ वर्षांत टिनुसनी एकाही पाखराच्या छातीचं मांस नासवलं नव्हतं. हे त्यांनी मला निदान साठ वेळा ऐकवलं असेल. बारक्या पॉइंट टू-टू रायफलनं मानेवर नेम धरायचा, पाखरू जागच्या जागी गार, छाती अखंड. सोमवारी ती रायफल पोलिसांकडे जमा करायची होती. वय एक्क्याऐंशी, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी या वेळी परवान्यासाठी सही द्यायला नकार दिलेला. आज शनिवार.

"शेवटचं आहे. नीट पडलं पाहिजे," ते गाडीत दोनदा म्हणाले.

मी टिनुसची शेजारीण. आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करते, म्हणजे आठवडाभर मीटिंगा करते. त्या मीटिंगांचा मला इतका शीण आला होता की शेतात दोन तास गप्प बसायला मिळतं, एवढ्या एका कारणासाठी मी शिकारीची परीक्षा दिली. डच भाषेतून, दुसऱ्या खेपेला पास. माझा नवरा प्रतीक म्हणाला, "सरस्वतीचं वाहन मारणार आणि वर आपल्या आर्याला अभ्यासाला बसवणार? छान." त्याला सांगितलं, हे हंस शेतकऱ्याचं गवत फस्त करतात, त्यांना मारायची रीतसर परवानगी आहे. तो म्हणाला, सरस्वतीला दाखव परवानगी. रस्सा मात्र दोन वाट्या प्यायला.

टिनुसनी मला तीन वर्षं शिकवलं. त्यातली मुख्य गोष्ट ही, की जवळचं पाखरू फसवतं. रायफलची दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते आणि नेम पन्नास मीटरवर जुळवलेला असतो. पाखरू दहा मीटरवर आलं, तर गोळी नेमापेक्षा दोन बोटं खाली लागते. मान गेली आणि छाती आली. म्हणून जवळच्या पाखरावर दोन बोटं वर धरायचं. आडोशाला बसल्यावर बोलता येत नाही, हंस उडतात. त्यामुळे पाखरू जवळ असलं की टिनुस मागून माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवायचे. तेवढं पुरायचं.

आज ते पुढे बसले होते आणि मी मागे. ओल्या गवताचा वास, पाठीला ओढ्याच्या बांधाचा गारठा. माझे डोळे मिटत होते. आठवडा वाईट गेला होता. बुधवारी साहेबानं वार्षिक आढाव्यात सांगितलं होतं, "शुभदा, तुला चूक सगळ्यांच्या आधी दिसते आणि तू सगळ्यांच्या नंतर बोलतेस." मी हसून मान डोलावली होती. काय सांगणार? आमच्या घरी बाबांकडे गाणं शिकायला मुलं यायची. बाबांचा सूर उतारवयात घसरायला लागला, तो सगळ्यांना कळायचा, पण एकानंही कधी त्यांना टोकलं नाही. गुरूला टोकायचं नसतं. मी त्या घरातली. टिनुस तीन वर्षं सांगत होते, मला 'तू' म्हण. माझी जीभ वळली नाही.

हंस आला तो आमच्या अगदी जवळ. दहा मीटरसुद्धा नसेल. आमच्याकडे तोंड करून, मान आखडून उभा राहिला. टिनुसनी रायफल उचलली. नळी बघून मला कळलं की ते सरळ मानेवर धरतायत. वर नाही.

मी हात उचलला. दोन बोटं त्यांच्या कोटापासून वीतभर अंतरावर होती. आणि मनात आलं, साठ वर्षं ज्यानं हेच केलं, ज्यानं मला हे शिकवलं, त्याला शेवटच्या गोळीला मी शिकवू? त्यांना ठाऊक असेलच. नळी अजून वर जाईल. हातही दुखत होता. मी तो खाली घेतला.

ठक्, एवढाच आवाज झाला. हंस फडफडला, बसला, मग आडवा झाला.

टिनुसच्या शेडमध्ये आम्ही पिसं काढली. छातीवर डाव्या बाजूला बारीक भोक होतं, आणि आतलं मांस हाडापर्यंत रक्तानं काळंनिळं. त्यांनी सुरीनं एक पातळ काप काढला, मग आणखी एक. सगळं तसंच. नळावर हात धुऊन ते स्टुलावर बसले. मला रडू येत होतं.

"किती लांब होतं?" त्यांनी विचारलं.

"दहा मीटर. कमीच."

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्ही माझे गुरू आहात. तुम्हाला कसं सांगायचं?"

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी करून ते मांडीवर ठेवलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"शुभा, मला वर्षभरापासून अंतर कळत नाही," ते म्हणाले. "पाखरू दिसतं. दहावर आहे की चाळीसावर, ते कळत नाही. मुलाला सांगितलं नाही, त्यानं त्याच दिवशी रायफल काढून घेतली असती. तुला मागे बसवलं ते उगाच नाही. मी खांद्यावर बोटांची वाट बघत होतो. बोटं पडली नाहीत, म्हणजे पाखरू लांब आहे, असं समजून मी घोडा दाबला."

त्यांनी दोन्ही तंगड्या कापून वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. त्या चांगल्या होत्या, वाया घालवायच्या नव्हत्या. छाती त्यांनी कुत्र्याच्या थाळीत टाकली.

दारातून मी म्हटलं, "सोमवारी पोलीस ठाण्यात मी सोडू का तुम्हाला?"

"नको," ते म्हणाले. "मुलगा येईल. तो निदान बोलतो."