हंगामाच्या माथी

चार महिने मी कमी उत्पन्नाचं खापर हंगामाच्या माथी फोडत आले. थंडीत म्हटलं, फुलं नाहीत, मधमाश्या स्वतः खातील काय आणि अळ्यांना भरवतील काय? थंडी सरल्यावर म्हटलं, पराग अजून पुरेसा नाही. तसं खोटं नव्हतं. फुलं आटली की रॉयल जेली, म्हणजे माश्या राणीच्या अळीला भरवतात ते खाद्य, निम्म्यावर येते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आता खिडकीबाहेर सगळं रान पिवळंजर्द झालंय. आता काय सांगू, कपाळ!

बावीस वर्षं मी या टेबलाशी बसतेय. पोळ्यातली एक दिवसाची अळी सुईच्या टोकावर उचलायची आणि लाकडी पट्टीवरच्या प्लास्टिकच्या वाटीत ठेवायची. माश्यांना वाटतं, नवी राणी वाढवायचीय. त्या वाटीत जेली भरतात आणि तिसऱ्या दिवशी आपण ती काढून घेतो. फक्त अळी ज्या कुशीवर होती त्याच कुशीवर ठेवावी लागते. उलटली की मेली. मग माश्या तिला बाहेर टाकतात आणि वाटी कोरडी राहते.

थंडीच्या तोंडाशी माझा उजवा हात थरथरायला लागला. कुणाला सांगितलं नाही.

माश्यांच्या पेट्या बघते माझी धाकटी जाऊ, म्हणून बोलणी तिला. "तुझ्या हाताला यशच नाही," असं भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, भरल्या ताटावर तिला म्हणायचे. ती वाढत राहायची. आणि मी, घरातली थोरली, खाली बघून घास गिळायचे. लाज वाटायची हो, पण सुई सोडवत नव्हती. सुई गेली तर या घरात मी कोण?

तीन दिवसांपूर्वी हात अगदीच चालेना, तेव्हा तिला म्हटलं, अर्धी पट्टी तू भर. आज ती पट्टी बाहेर काढली. तिच्या तीसपैकी सत्तावीस वाट्या भरलेल्या. माझ्या चार.

"बघ, भर हंगामात अर्धी पट्टी कोरडी!" भाऊजी तिच्यावरच ओरडले. "पुरे झालं. उद्यापासून पेट्या दुसरा माणूस बघेल."

"भाऊजी, थांबा," मी म्हटलं. "भरल्यात त्या तिच्या. कोरड्या माझ्या. पेट्या ठणठणीत आहेत. माझा हात गेलाय, थंडीपासून." आणि हात टेबलावर ठेवला. तो मनसोक्त थरथरला.

जाऊ म्हणाली, "चार महिने, ताई? रोज ऐकत होतात ना?"

"हो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझी खुर्ची ओढून बसली, दिवा जवळ घेतला, सुई उचलली. मी दाराकडे निघाले.

"चाललात कुठे?" ती मागे न बघताच म्हणाली. "त्या दिवशी अळ्या तुम्ही निवडून दिल्या होत्यात. एक दिवसाची कुठली, दोन दिवसांची कुठली, मला कळत नाही. बोटाने दाखवा. थरथरलं तरी चालेल. आणि माफ केलं असं समजू नका."