फळी ठेवा, इंजिन काढा

आमच्या मांडवीच्या मच्छीमार सोसायटीत मी, बकुळा, सेक्रेटरी. ऑफिसात तीन कॉम्प्युटर, तिन्ही म्हातारे. बटण दाबलं की आधी घरघरणार, मग आपण चहा पिऊन आलो की पासवर्ड मागणार. मोसम तोंडावर आलेला. समुद्रात जायचं टोकन प्रत्येक बोटीला इथूनच मिळायचं, आणि बाहेर बोटवाले रांगेत उभे राहून माझ्या नावाने खडे फोडत होते.

चेअरमन रावजीआबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "बकुळा, हे काय जमणारं नाय गो. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या दर्शनला टोकनांचं काम देऊन टाकू. त्याच्याकडे नव्या मशिनी हायत."

म्हणजे ऑफिसला कुलूप आणि मी घरी. माझं डोकंच फिरलं. या खुर्चीवर माझं घर चालतं.

"दर्शनला कशाला? आपण पण नव्या घेऊ," एक मेंबर म्हणाला. "बाकीच्या सोसायट्यांत बघा, कशा चकचकीत ठेवल्यात!"

"दाखवायला घ्यायच्यात की चालवायला?" मी म्हटलं. "ह्यांचं अंग अजून धडधाकट आहे. आतली डिस्क थकलीय. ती बदला, रॅम वाढवा. नाही पळाले हे कॉम्प्युटर तर ऑफिसच्या किल्ल्या मी स्वतः दर्शनच्या हातात देते."

आबा म्हणाले, "बघूया."

दुसऱ्या दिवशी रिपेअरिंगवाला सूरज आला. मी बँकेत गेले होते, आबा मात्र खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसून होते. परत आले तर कॉम्प्युटरचे डबे बंद, सूरज गेलेला, आबा खूश.

सकाळी बटण दाबलं. घरघर. तीच घरघर! चहा पिऊन आले तरी पडदा निळाच.

"बघ, फुकट गेला सगळा," आबा म्हणाले आणि माझ्यासमोरच त्यांनी दर्शनला फोन लावला. "संध्याकाळी ये रे, टोकनांचे कागद घेऊन जा."

किल्ल्या द्यायचं मीच बोलून बसले होते. पण हार्ड डिस्क बदलूनही मशीन तसंच राहील, हे काही माझ्या मनाला पटेना. सूरजला बोलावून घेतलं आणि दारातच धरलं.

"मेल्या, काय करून ठेवलंस?"

"काकी, मी काय करू? आबांनी जुनी डिस्क काढूच दिली नाही. नवी नुसती बाजूला बसवलीय. मशीन अजून जुनीवरच चालतंय."

मी आबांकडे वळले. आबा अजिबात शरमले नाहीत.

"आपल्या आळीत जुनी होडी मोडून नवी बांधली, तरी जुनीची फळी नवीत घालतात. घराण्याची बरकत सुटता नये. तुला काय ठाऊक नाय?"

"मला ठाऊक आहे. तुमची जुनी बोट मोडलीत तेव्हा नवीत काय घातलंत?"

"नाळेची फळी, पुढच्या टोकाची."

"आणि इंजिन?"

"इंजिन कशाला घालू? ते जाम झालेला. भंगारात दिला."

"मग ही डिस्क म्हणजे तुमचं जाम झालेलं इंजिन आहे, आबा! फळी म्हणजे हा बाहेरचा डबा. तो जुनाच राहतोय. त्याला कोण हात लावतंय?"

आबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टोपी काढून डोकं खाजवलं.

"अगो बाय माझे," ते हळूच म्हणाले, "मग आधी बोलायचा नाय?"

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

आबा हसले. "काढ रे सूरज ती. तिन्ही काढ."

जुन्या डिस्कांतलं सगळं नव्यांवर उतरवण्यात दुपार गेली. मग मी बटण दाबलं आणि खुर्ची पुढे ओढेपर्यंत पासवर्ड मागून मशीन मोकळं. मला एवढा आनंद झाला की मी सूरजच्या पाठीत धपाटाच घातला. बाहेर हाक दिली आणि रांग सरसर पुढे सरकायला लागली. आबा स्वतः दारात उभे राहून एकेकाला आत सोडत होते.

संध्याकाळी दर्शन आला, खांद्याला मोठी बॅग.

"काकी, कागद न्यायला आलोय."

आबा काहीतरी बोलणार होते, पण मी हात वर केला. दर्शनच्या बाबांची बोट आमच्याच सोसायटीत. त्यांचं टोकन छापलं आणि दर्शनच्या हातात ठेवलं.

"हा घे तुझा कागद. बाबांना म्हणावं, सकाळी बोट काढा. चल, बाजूला हो. पुढे कोण आहे?"