सारजाच्या मुठीतली पकड

मित्रांनो, पळू नका. मी एक जुनी पकड आहे, दात उपटायची. तुम्हाला माझी जेवढी भीती वाटते, त्याहून कांकणभर जास्तच मला तुमची वाटत आली आहे. हसा खुशाल! पण उघड्या तोंडाच्या काळोखात आधी कोण शिरतं? डॉक्टर? छे, ते बाहेरच्या बाहेर उभे. शिरते मी. आणि तुमचे दात काय लहान असतात होय?

माझा जन्म सियालकोटच्या एका कारखान्यात झाला. लाल झालेला लोखंडाचा तुकडा, वरून घणाचे घाव, मग कानस, मग चकचकीत मुलामा. पुण्याच्या दुकानात काचेमागे मी दोन वर्षं पडून होते. मग बारामतीच्या डॉक्टर मोघ्यांनी मला घेतलं आणि दौंडहून छोट्या गाडीनं बारामतीला आणलं. ती गाडी इतकी हादरत होती, की पोचेपर्यंत माझा खिळा निखळतो की काय या काळजीनं मी अर्धी झाले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. ताप, खरूज, विंचू, मोडलेला हात, सगळं तिथंच. दाताचा वेगळा डॉक्टर तेव्हा पुण्याला असायचा, आमच्याकडे कुठला! दात दुखला की मोघे, आणि मोघे म्हणजे मी. आसपासच्या वाड्यावस्त्यांत मला 'डाक्तराची सांडशी' म्हणायचे. पोर जेवत नसलं की आया म्हणायच्या, गप गिळ, न्हायतर डाक्तराची सांडशी बोलवीन. दवाखान्यात झाडलोट करणारी छबूबाई हे सगळं हसत हसत डॉक्टरांना सांगायची. मला मात्र लाज वाटायची. मी कुणाचं काय खाल्लं होतं?

आमची एक रीत होती. ती मला कधीच आवडली नाही, पण मला विचारतो कोण! डॉक्टर मला कोटाच्या बाहीत लपवायचे. आई पोराला सांगायची, नुसतं बघणार हायती. डॉक्टर म्हणायचे, आ कर बघू. तोवर छबूबाई मागून यायची आणि पोराचं डोकं काखेत असं काही आवळायची, की हलायची सोय नाही. मग मी बाहीतून बाहेर. डॉक्टर दुष्ट नव्हते. जे दिसत नाही त्याची भीती वाटत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. बाहीतल्या अंधारात मला काय वाटायचं, ते त्यांना कसं कळावं?

सारजा आली ती चौतीस साली, संक्रांत होऊन गेल्यावर. आठ वर्षांची पोर. दोन कोसांवर कालव्याच्या काठी तिच्या बापाचा, जोतीरामाचा मळा होता, वांग्यांचा आणि मेथीचा. तिची खालची दाढ किडली होती. घरच्यांनी लवंग लावली, मग कीड पडावी म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी दिली. धुरीनं पोरीचे डोळे तेवढे सुजले. शेवटी तिची आई सिंधुबाई तिला घेऊन आली, पण येताना सांगितलं काय, तर बाजारात बांगड्या भरायला जाऊ.

पोरगी तेल लावून, वेणी घालून आलेली. दवाखान्याच्या दारात थांबून तिनं विचारलं, बांगड्यांचं दुकान हितं हाय व्हय? सिंधुबाईनं तिला आत ढकललं. पुढं सगळं रीतीप्रमाणं झालं. मी बाहीतून निघाले, सारजानं मला पाहिलं, आणि डॉक्टरांच्या बोटाला अशी चावली की त्यांचा हात हिसकला. मी दाढेवरून निसटले. कडकन आवाज झाला. अर्धी दाढ माझ्या चोचीत, अर्धी तिच्या हिरडीत.

चूक माझी होती, मी घट्ट धरायला हवं होतं. सारजा रडली नाही. तोंडातलं रक्त हातानं पुसत तिनं आईकडं एकदा बघितलं, माझ्या चोचीतला तुकडा हिसकावला आणि दारातून पळाली. त्या बघण्यानं मला अजून धडकी भरते.

दहाव्या दिवशी जोतीराम तिला खांद्यावर घालून आला. मी तिला ओळखलंच नाही. एक गाल फुगून डोळा मिटलेला, सूज हनुवटीखाली उतरलेली, अंगात ताप. कालपासून पाण्याचा घोट उतरत नव्हता. डॉक्टरांनी जोतीरामाला ओसरीवर नेलं. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. दाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि तो गळ्याकडं सरकत होता. आजच वाट करून दिली नाही, तर उद्यापर्यंत श्वास कोंडेल. अशा गळ्याला गुंगीचं औषध देण्यात जिवाचा धोका. जबरदस्ती केली तर मुळंही तुटतील. तिनं आपणहून तोंड उघडायला हवं. जोतीराम तसाच आत पोरीकडं वळला.

आणि सारजानं दातांना कुलूप घातलेलं! सिंधुबाईनं विनवलं, पाया पडली, म्हणाली, दोन डझन बांगड्या भरते गं बाई. बांगड्यांचं नाव निघालं मात्र, सारजानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

छबूबाई सवयीनं तिच्या मागं जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. मग त्यांनी कोट काढला, खुंटीला अडकवला आणि सारजाच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घातली. मला त्यांनी उचललं आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. मी त्या दिवशी हिला लपवली, ते चुकलं, असं ते म्हणाले. डॉक्टर असं कधी कुणाला म्हणालेले मी ऐकलं नव्हतं.

ती माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. तिच्या दातांचा आवाज मला आठवत होता, तिला माझा. बऱ्याच वेळानं तिनं एका बोटानं मला ढोसलं. मग दोन बोटांनी उघडलं, मिटलं. "सांडशीच हाय," ती दात न उघडता पुटपुटली. तापानं तिची मूठ कढत झाली होती. त्या मुठीत मी कितीतरी वेळ होते. आजवर एकाही पोरानं मला हातात घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला मागून घेतलं आणि तिच्यासमोरच स्टोवरच्या पातेल्यात टाकलं. पाणी उकळायला लागलं. दर वेळी याच क्षणी माझा धीर सुटायचा. त्या दिवशी तर मी पातेल्याच्या कडेवर खडखड आपटत होते. पुन्हा तुटली तर? या पोरीचा जीव माझ्या चोचीत होता, मित्रांनो.

सारजानं मान वळवून ऐकलं. "ती बी भ्यालीया?"

"तिचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी मात्र भ्यालोय."

सारजा त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली. मग तिनं विचारलं, "दुखंल का?"

सिंधुबाई न्हाय गं म्हणायला गेली, तिला डॉक्टरांनी हातानंच थांबवलं. "दुखेल," ते म्हणाले. "औषध लावतो, तरी दुखेल. छबूबाई दहा म्हणेपर्यंत. मधेच तू हात वर केलास तर मी थांबेन."

पोरगी कसली वस्ताद! तिनं आधी परीक्षाच घेतली. डॉक्टरांनी तिच्या गालाला नुसतं बोट लावलं, तिनं हात वर केला. बोट मागं गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा हात वर. पुन्हा बोट मागं. मग छबूबाईकडं बघून तिनं बजावलं, मला धरायचं न्हाय. आणि तोंड उघडलं. दोन बोटांएवढंच, पण उघडलं.

डॉक्टरांनी हिरडीला बधिर करणारं औषध लावलं आणि मी आत शिरले. धरायचं काम न उरलेली छबूबाई पदर मुरगाळत मोजायला लागली. एक. मुळांवर मी चोच टेकवली. दोन. तीन. पहिलं मूळ हललं, आणि सारजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चार.

सारजाचा हात वर गेला.

अहो, मूळ अर्धवट सुटलेलं! आणखी एक हिसका दिला असता तर बाहेर. छबूबाईचे हात शिवशिवले, सिंधुबाईनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांच्या बोटांतली नाडी मला दांड्यातून कळत होती, धाड धाड उडत होती. पण ते थांबले. मलाही सैल सोडलं. खोलीत नुसता सारजाचा घुरघुरता श्वास. मला वाटलं, आता तोंड मिटणार आणि पुन्हा उघडणार नाही. संपलं.

ती डॉक्टरांकडं बघत होती, खरंच थांबलेत का ते. मग तिनं हात हळूहळू खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

पाच, छबूबाई म्हणाली. डॉक्टरांनी मला पुन्हा आवळलं. सहाला एक मूळ आलं, नवाला दुसरं, अखंड. पाठोपाठ पुवाची धार लागली. मी ते मूळ इतकं घट्ट धरलं होतं की डॉक्टरांना मला सोडवावं लागलं.

संध्याकाळी सारजा ओसरीवर बसून पाणी प्यायली. घोट उतरताना जोतीराम तिच्या गळ्याकडंच बघत होता. दुधाची दाढ ती, म्हणजे शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकायला हवी. सारजानं मुळं मागून घेतली. पहिला तुकडा तिनं त्या दिवसापासून चोळीच्या गाठीत बांधून ठेवला होता. अर्धीच टाकली तर नवी अर्धीच येईल, असं तिचं म्हणणं.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या बाहीत मी कधी गेले नाही. आता माझा मुलामा उडालाय, खिळा ढिला झालाय. डॉक्टरांनी नवी पकड आणली आहे. मी खिडकीत असते, आणि दात काढायला आलेलं पोर आधी मला हातात धरतं. एवढंच माझं काम. मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की पोरांना माझ्या नावानं भिववू नका, आणि बांगड्यांचं नाव सांगून माझ्याकडं आणू नका. मुठींच्या घामानं मी गंजते, तेव्हा अधूनमधून तेलाचा एक थेंब दिलात तर बरं.

काल सारजा आली होती. तेरा वर्षांची झाली. यंदा दाढ तिच्या धाकट्या बहिणीची, फुलाची. ओसरीवर फुलानं तिचं लुगडं ओढून विचारलं, "दुखंल का गं आक्का?"

"दुखंल," सारजा म्हणाली. "पर हात वर केला की थांबत्यात."

तिनं मला खिडकीतून उचललं आणि फुलाच्या हातात दिलं. फुलानं मला उघडलं, मिटलं, आणि मुठीत धरूनच आत जाऊन डॉक्टरांपुढं तोंड उघडलं. छबूबाईनं पदर खोचला आणि मोजायला सुरुवात केली.