सहा आठवडे

सिंधूताईंनी नूपुरची मूठ उलगडली आणि एकेक बोट मोजायला घेतलं. तीन महिन्यांची नात आज पहिल्यांदा मांडीवर आली होती. नखंसुद्धा बघायची राहून कसं चालेल!

रक्ताच्या कर्करोगानं त्यांना गाठलं, आणि आठ महिन्यांपूर्वी धाकट्या भावाचा, रुपरावचा, बोनमॅरो त्यांच्या अंगात गेला. तेव्हापासून बाईंना स्वतःचंच नवल वाटत होतं. रक्तगटसुद्धा बदलून रुपरावचा झाला. लहानपणापासून घेतलेल्या लसी जुन्या रक्ताबरोबर धुऊन निघाल्या. तीस वर्षं नागपूरभर लेकरांना टोचत फिरलेली नर्स, आणि आता नातीच्याच वर्गात! शुक्रवारी डॉक्टरांनी बाळाला घ्यायची परवानगी दिली, पण एक अट घातली. पोलिओचे थेंब पाजले, तर सहा आठवडे बाळापासून लांब राहायचं. थेंबांत अशक्त केलेला जिवंत विषाणू असतो. बाळाला तो काही करत नाही, पण तिच्या शी-लाळेतून आला, तर सिंधूताईंच्या कोवळ्या रक्ताला भारी पडला असता.

काल पोलिओ रविवार झाला. आज टीमच्या बाया घरोघर फिरत होत्या, आणि आत्ताच त्यांच्या दारावरून पुढे गेल्या होत्या.

“हिमानी, थेंब न पाजता गेल्या कशा वं त्या?”

“तुमच्या बिमारीचं सांगितलं ना मी, आई,” सून भांडी लावता लावता म्हणाली. “मानल्या.”

छे, असं कोणी मानत नाही. सिंधूताई स्वतः एकेका घराला चार-चार चकरा मारत. त्यांनी बाळाची दुसरी मूठ उलगडली. करंगळीच्या नखावर जांभळी शाई होती, थेंब पाजल्यावर लावतात तशी. मग त्यांनी हात नीट पाहिला. उजवा होता.

“टीमवाल्या डाव्या हाताले लावतात. हे कोणं लावलं?”

भांड्यांचा आवाज थांबला.

“मीच. स्केचपेननं.” हिमानीला रडू फुटलं. “थेंब नाही पाजले, देवाशपथ. काल बूथवर पाजले म्हणून बोट दाखवलं त्यायले. तीन महिने तुम्ही तिले काचेतून पाहून राहिल्या. अजून सहा आठवडे कायले? मले नाही पाहवत आता.”

पाहवत तर सिंधूताईंनाही नव्हतं. अशीच शाई लावून दार लोटून घेणाऱ्या किती आयांना त्यांनी फैलावर घेतलं होतं! पण अशा कारणासाठी खोटं बोललेली एकही आठवेना. रागवावं तरी कोणत्या तोंडानं? त्यांनी मास्क खाली ओढला, नूपुरच्या टाळूला नाक लावून तेलाचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग बाळ हिमानीच्या हातात दिलं.

“सामान बांध. सहा आठवडे तुह्या मायकडे राह्य, कळमन्याले.”

“आई!”

“अन् फोनवर रोज दाखवजो तिले.”

त्या खिडकीशी गेल्या. टीम तिसऱ्या घराच्या दारात उभी होती. पुढे होती ती वस्तीतली आशा सेविका, अपेक्षा. सिंधूताईंनी हाक मारली.

“अवं अपेक्षा, मागं ये. आमचं एक लेकरू राह्यलं.”