जिभेखालची दहा मिनिटं

नाथाच्या घरात रोज सकाळी दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, असा गेल्या चौदा महिन्यांचा रिवाज होता. सुवर्णा देव्हाऱ्यातल्या डबीतून एक बारीक गोळी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवायची. तो ती जिभेखाली धरून ओट्यावर बसायचा. गोळी विरघळेपर्यंत बोलणं नाही, पाणी नाही, चहा तर नाहीच. सुवर्णा समोर बसून शेवंती निवडायची, पण डोळा त्याच्या तोंडावर. "बसले मौनीबाबा," ती म्हणायची. दहा मिनिटं झाली की हुकूम सुटायचा, "उघडा तोंड. जीभ वर करा."

याची सुरुवात एका कॅरेटपासून झाली होती. मखमलाबादच्या मळ्यातल्या फुलांचं कॅरेट टेम्पोत चढवताना नाथाची कंबर धरली, आणि औषधाच्या दुकानातून वेदनेच्या कॅप्सूल आल्या. अफूच्याच जातीच्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या वीस. कंबर कधीच बरी झाली, कॅप्सूल काही सुटेनात. दोन वर्षं त्या माणसानं दुकानदाराला, बायकोला आणि स्वतःला एकच वाक्य ऐकवलं, "लय दुखतंय गं." शेवटी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी ही जिभेखालची गोळी सुरू केली. ती तलफ दाबायची, डोकं मात्र जागेवर ठेवायची. गावाला सांगितलं होतं, पित्ताची आहे.

आता हर्नियाचं ऑपरेशन निघालं. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात गेले, तर काउंटरवर शेजारच्या मळ्यातली रूपाली. नोकरी लागून तिला दोनच महिने झाले होते.

"काका, फॉर्मात विचारलंय. काही व्यसन? चालू औषधं?"

नाथानं तोंड उघडायच्या आत सुवर्णा म्हणाली, "सुपारीचं खांड नाय खात माणूस. पित्ताची गोळी हाय, तेवढीच."

रूपालीनं तसंच लिहिलं.

नर्सनं बजावलं, रात्री बारानंतर पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबही नाही. सुवर्णा हरतालिकेला थुंकीसुद्धा विचार करून गिळणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबी उघडलीच नाही.

"अगं, ती जिभेखाली ठेवायची. पोटात कुठं जाते?"

"मग कुठं जाते, गोदावरीत? निर्जळी म्हणजे निर्जळी."

त्या दिवशी दवाखान्यात तातडीची केस आली आणि नाथाचा नंबर पुढच्या दिवसावर गेला. संध्याकाळी तो जेवला, पण गोळी सकाळची, ती संध्याकाळी कशी घ्यायची? पुढच्या सकाळी पुन्हा निर्जळी. अशा दोन सकाळी कोरड्या गेल्या.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर खाटेवर पडल्यावर नाथाला ओळखीची पावलं ऐकू यायला लागली. आधी जांभया, एकामागून एक. मग नाक वाहू लागलं, पोटऱ्या पिळवटल्या, हातावर काटा आला. गावाला कळेल ही भीती होतीच. तिच्याखाली आणखी एक होती, आणि ती त्यानं सुवर्णालाही सांगितली नव्हती. आत कुणीतरी त्याच जातीची सुई टोचेल, आणि आपल्याला ती आवडेल.

भुलीच्या डॉक्टर आल्या. गायधनी नाव, वय तिशीचं, पायात लाल क्रॉक्स. त्यांनी नाडी पाहिली, हातावरचा काटा पाहिला, मग छोट्या टॉर्चनं डोळ्यांत पाहिलं.

"थंडी वाजते का, दादा?"

"एसी हाय ना."

"एसीनं बाहुल्या एवढ्या मोठ्या होत नाहीत." त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं, स्टूल ओढलं आणि आवाज उतरवला. "फॉर्मात नाहीये ते मला सांगा. मी ओरडणार नाही. पण मला माहीत नसलं तर माझा अंदाज चुकेल, आणि त्याची शिक्षा तुम्हाला होईल."

नाथानं छताकडे बघत सगळं सांगितलं. कॅरेट, वीस कॅप्सूल, चौदा महिने, निर्जळी. निर्जळीपाशी डॉक्टरांना हसू आवरेना.

"अहो, ही गोळी ऑपरेशनच्या दिवशीही चालते! बंद केली तर उलट त्रास. तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या, एकदा बोलून खात्री करते." मग त्या समजावून सांगू लागल्या. कण्यात एक सुई द्यायची, कमरेखालचं बधिर होईल, माणूस जागा राहील, नशेच्या औषधाची गरजच पडणार नाही. "फक्त एक आहे. अशी औषधं बरीच वर्षं घेतलेल्यांमध्ये ही भूल कधीकधी लवकर ओसरते, असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणून तयारी ठेवायची. पाय जागा होतोय असं वाटलं की लगेच सांगायचं."

फोन झाला. सुवर्णाच्या पिशवीतून डबी आली. नाथाचा नंबर यादीत खाली सरकला, आणि ऑपरेशनच्या दाराशी मौनीबाबा बसले. दहा मिनिटांनी गायधनी डॉक्टर म्हणाल्या, "जीभ वर करा." नाथाला वाटलं, या बायका कुठल्यातरी एकाच शाळेत शिकलेल्या असणार.

तासाभरानं काटा गेला, पोटऱ्या सैलावल्या. उशी पोटाशी धरून त्यानं पाठ मांजरासारखी वाकवली. सुई मुंगी चावल्यासारखी लागली. पाय आधी कोमट झाले, मग जड, मग जणू शेजाऱ्याचे. छातीवर हिरवा पडदा आला. पलीकडे सर्जन कामाला लागले.

आत काहीतरी ओढलं जात होतं. दुखत नव्हतं. ओढतंय, एवढंच. आणि नेमकं तेव्हा ते जुनं वाक्य तोंडापर्यंत आलं. लय दुखतंय. दोन शब्द. बोलला की सुई मिळेल.

"डॉक्टरताई," तो म्हणाला, "दुखत नाय. पण मन म्हणतंय, दुखतं म्हण."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला म्हणावं, रांगेत उभं राहा. नंबर आला की बोलावू."

तो हसला. पलीकडून सर्जन ओरडले, "पोट हलवू नका हो!"

पुढं काही वेळानं उजव्या पायाचा अंगठा त्याचा स्वतःचा झाला. पाठोपाठ जांघेत बारीक, टोकदार कळ आली. ही मनाची नव्हती. पण लांडगा आला म्हणून दोन वर्षं ओरडलेल्या माणसाचं कोण ऐकणार?

"ताई, आता दुखतंय. खरंच. अंगठा पण हलतोय."

"सर, थांबा," त्या लगेच म्हणाल्या.

"एवढ्यात? अजून तासही झाला नाही."

"म्हणूनच बोलले होते आधी. जखमेत बधिर करायचं औषध भरून ठेवलंय, ते द्या."

कुणी त्याला पुन्हा विचारलं नाही, खरंच का म्हणून. नाथाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कळेचं नव्हतं. दोन-तीन मिनिटांत टोक बोथट झालं, आणि उरलेले टाके पडेपर्यंतचा वेळ त्यानं पडद्याची हिरवी शिवण मोजत काढला.

रात्री जखम ठणकली. सलाइनमधून साधं दुखण्याचं औषध दिलं, ते पुरलं. म्हणजे पुरलं असं त्यानं ठरवलं, आणि पहाटे ते खरंही झालं.

सकाळी सुवर्णानं डबी उघडली. "डॉक्टरबाई म्हणाल्या, निर्जळीत ही चालते. मला काय माहीत!" ती त्याच्याकडे न बघता पुटपुटली. नाथानं गोळी जिभेखाली ठेवली.

तेवढ्यात रूपाली कागद घेऊन दारात आली. "काका, डॉक्टर म्हणाल्या फॉर्म दुरुस्त करायचाय. चालू औषधांत..."

नाथानं हात वर केला. सुवर्णानं नवऱ्याकडे पाहिलं, मग रूपालीकडे. काल असतं तर तिनंच उत्तर दिलं असतं.

"दहा मिनिटं बस," ती म्हणाली. "गोळी चालू हाय त्यांची. काय ते तेच सांगतील."

रूपाली स्टुलावर बसली. बाहेर स्ट्रेचरची चाकं करकरत गेली.

"उघडा तोंड."

नाथानं जीभ वर केली, घोटभर पाणी प्यायला आणि रूपालीकडे वळला.

"पित्ताची नाय ती," तो म्हणाला. "घे लिहून. सावकाश सांगतो."